लोकरीच्या पैशावर उभे राहिलेले गाव : चिपिंग कॅम्डन

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड या चुनखडीच्या टेकड्यांच्या उत्तर टोकाला चिपिंग कॅम्डन हे अडीच हजारांच्या आतबाहेर वस्तीचे बाजारगाव आहे. ठरावीक वारी बाजार भरवण्याचा सनदशीर हक्क ज्या वस्तीला मिळाला होता, तिलाच मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजारगाव म्हणत असत. कॅम्डनला तो बाराव्या शतकात मिळाला आणि त्या सुमारास तेथील जमीनदाराने मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दर्शनी बाजूस अरुंद पण मागे लांबवर गेलेले भूखंड आखून ते रोख भाड्याने दिले. ‘बर्गेज’ नावाच्या या भूखंडांच्या धारकांना शेतावर वेठ करावी लागत नसे आणि धंदा करण्याची मोकळीक असे. आजही कॅम्डनच्या हाय स्ट्रीटवरील घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि प्रत्येकामागे चिंचोळे परसू आहे, ते या आखणीमुळेच.

गावाला खरी सुबत्ता आणली ती लोकरीने. टेकड्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लांब धाग्याच्या लोकरीला फ्लँडर्स आणि इटलीतील विणकरांकडून मोठी मागणी होती, आणि गावोगावची लोकर गोळा करून ती परदेशी धाडणारे व्यापारी राजालाही कर्ज देण्याइतके गब्बर झाले होते. त्यांपैकी विल्यम ग्रेव्हेल हा १४०१ मध्ये वारला. त्याचे घर हाय स्ट्रीटवर अजून उभे आहे आणि सेंट जेम्स चर्चच्या फरशीत बसवलेल्या पितळी स्मृतिपटावर, पत्नीशेजारी हात जोडून उभ्या असलेल्या त्याच्या आकृतीभोवतीच्या लॅटिन लेखात त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमध्ये श्रेष्ठ ठरवले आहे. मेंढ्या राखणाऱ्यांचा किंवा लोकर कातरणाऱ्यांचा असा एकही पट नाही. गावाची जुनी स्मृती दगडात आणि पितळेत टिकली असली, तरी ती कोरून घेण्याची ऐपत ज्यांच्यापाशी होती त्यांचीच ती आहे, हे कॅम्डनचा इतिहास वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

ग्रेव्हेलनंतर सुमारे दोनशे वर्षांनी सर बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनचा कापड व्यापारी आणि पहिल्या जेम्स राजाचा सावकार कॅम्डनचा धनी झाला. त्याने १६१२ मध्ये निराधार वृद्धांसाठी दगडी घरांची रांग बांधली, ज्यात सहा पुरुषांची आणि सहा स्त्रियांची सोय होती, आणि या घरांत आजही लोक राहतात. १६२७ मध्ये त्याने भर रस्त्यात बाजारमंडप उभारला. चारी बाजूंनी कमानी, वर लाकडी तुळयांचे छप्पर आणि खाली गोट्यांची जमीन, जी शतकांच्या वर्दळीने इतकी उंचसखल झाली आहे की पाऊल जपूनच टाकावे लागते. लोणी, चीज आणि कोंबड्या घेऊन येणाऱ्या बायाबापड्यांना ऊनपावसाचा आडोसा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. हिक्सचा स्वतःचा वाडा मात्र फार काळ टिकला नाही. यादवी युद्धात, १६४५ मध्ये, तेथे तळ देऊन राहिलेल्या राजपक्षाच्या सैन्याने जाताना तो पेटवून दिला आणि आता त्याचे मोजके अवशेष, दरवाजा आणि दोन मेजवानीमहाल एवढेच शिल्लक आहेत.

गरिबांची नावे गावाच्या इतिहासात आली ती न्यायालयाच्या वाटेने, आणि तीही अत्यंत दारुण रीतीने. १६ ऑगस्ट १६६० रोजी हिक्सच्या कन्येचा, लेडी ज्युलियाना हिचा, सत्तर वर्षांचा कारभारी विल्यम हॅरिसन जवळच्या चॅरिंगवर्थ गावी वसुलीला गेला आणि परतला नाही. त्याला शोधायला पाठवलेला नोकर जॉन पेरी हाही रात्रभर आला नाही. पुढे हॅरिसनची चिरलेली टोपी, कंगवा आणि रक्ताने माखलेला गळपट्टा रस्त्यालगत सापडला. चौकशीत पेरीने आपली आई जोन आणि भाऊ रिचर्ड यांनी पैशासाठी मालकाला मारल्याचे सांगितले. त्याने दाखवलेल्या जागा धुंडाळूनही प्रेत मिळाले नाही, म्हणून पहिल्या न्यायाधीशाने खुनाचा खटला चालवण्यास नकार दिला. परंतु १६६१ च्या वसंतात दुसऱ्या न्यायाधीशाने तो चालवला, आणि जॉनने आपण भ्रमिष्टपणे बोललो असे सांगूनही तिघांना ब्रॉडवेच्या टेकडीवर फाशी देण्यात आले. आई चेटकीण आहे आणि ती जिवंत असेतो मुले कबुली देणार नाहीत, अशी समजूत असल्याने तिला आधी चढवले गेले.

१६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परतला. आपल्याला पळवून नेऊन तुर्कांच्या मुलखात गुलाम म्हणून विकले गेले, असा त्याचा दावा होता. सत्तरीच्या म्हाताऱ्याला कोण कशासाठी विकत घेईल, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो आणि त्याला उत्तर नाही. ‘कॅम्डनचे नवल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाची हकीकत सर टॉमस ओव्हरबरी याने १६७६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि प्रेताचा पत्ता नसताना खुनाबद्दल फाशी देऊ नये, या मताच्या समर्थनार्थ हे उदाहरण पुढे वारंवार दिले गेले. तथापि नवल कसले? एक आई आणि तिची दोन मुले अशी एका घरातली निरपराध माणसे एका दिवसात नाहीशी झाली, हाच या हकिकतीचा गाभा आहे.

लोकरीचा व्यापार ओसरल्यावर गावाला उतरती कळा लागली. नवी बांधकामे करण्याइतका पैसाच कोणापाशी नव्हता, म्हणून जुनी घरे मोडली गेली नाहीत. आज प्रवाशांना भुरळ घालणाऱ्या मधाच्या रंगाच्या त्या रस्त्याचे रहस्य बव्हंशी या दारिद्र्यात आहे. १९०२ मध्ये चार्ल्स अ‍ॅशबी या वास्तुकाराने लंडनच्या ईस्ट एंडमधील ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ या कारागीरसंघाला येथे आणले, तेव्हा सुमारे दीडशे माणसे, म्हणजे कारागीर आणि त्यांची कुटुंबे, रिकाम्या घरांत आणि पडीक रेशीम गिरणीत येऊन राहिली. यंत्रयुगात हस्तकौशल्याचा आणि श्रमाच्या आनंदाचा मान राखावा, हे त्यांचे ध्येय होते. संघ १९०८ पर्यंत मोडला. लंडनच्या गिऱ्हाइकांपासूनचे अंतर आणि यंत्राच्या स्वस्त मालाची स्पर्धा त्याला पेलली नाही. पण काही कारागीर गावातच राहिले, आणि हार्ट घराण्याचे चांदीकाम त्याच गिरणीत अजून चालू आहे.

या काळाशी भारतीय कलेच्या अभ्यासाचाही धागा जुळतो. श्रीलंकेत जन्मलेले आनंद कुमारस्वामी, ज्यांनी पुढे भारतीय शिल्प आणि चित्रकलेकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली, ते कॅम्डनलगतच्या ब्रॉड कॅम्डन येथे, अ‍ॅशबीने दुरुस्त करून दिलेल्या जुन्या चॅपेलमध्ये राहत. मध्ययुगीन सिंहली कलेवरचा आपला ग्रंथ त्यांनी १९०८ मध्ये, हस्तकला चळवळीचा प्रवर्तक विल्यम मॉरिस याने वापरलेल्या हातछपाई यंत्रावर, ४२५ प्रतींत छापून घेतला. वसाहतीतील कारागिरीची किंमत कळण्यासाठी इंग्लंडमधल्याच एका उतरलेल्या गावातील प्रयोग उपयोगी पडावा, हा योग महत्त्वाचा आहे.

गावाने सामूहिकपणे जपलेली आठवण म्हणजे रॉबर्ट डोव्हर या वकिलाच्या नावाने, परंपरेनुसार १६१२ पासून, जवळच्या टेकडीवर भरणारे क्रीडोत्सव. त्यांतला प्रसिद्ध खेळ नडगीला लाथा मारण्याचा: पांढरे डगले घातलेले दोघे एकमेकांची कॉलर धरून, विजारीत कोंबलेल्या गवताच्या भरवशावर, लाथा हाणत प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणू पाहतात. सामाईक कुरणे वाटून खासगी मालकीत देण्याच्या, म्हणजे कुंपणबंदीच्या, लाटेत आणि दंग्यांच्या तक्रारींमुळे १८५२ नंतर हे खेळ थांबले. १९५१ मध्ये ते पुन्हा भरले आणि पुढे नेमाने होऊ लागले. मधल्या काळात टेकडी विकली जाऊन तिच्यावर बांधकामे होण्याचा धोका होता, तो एफ. एल. ग्रिग्ज या चित्रकाराच्या पुढाकाराने टळला. १९४० च्या दशकात बाजारमंडपही अमेरिकेला विकला जाण्याच्या बेतात असताना गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो राखला आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवला.

कागदोपत्री कुठेच न येणाऱ्या रोजच्या जगण्याची नोंद मात्र विसाव्या शतकातच सुरू झाली. गावातच वाढलेल्या फ्रेड कोल्डिकट याच्या आठवणी १९९४ मध्ये स्थानिक इतिहास मंडळाने पुस्तकरूपाने काढल्या, आणि मंडळाचे काम आजही चालू आहे. कोणते दुकान कुठे होते, कोणत्या घरात किती माणसे राहत, सुट्टीत मुले कोणत्या शेतावर राबत, अशा तपशिलांना ग्रेव्हेलच्या स्मृतिपटाइतकेच मोल आहे. कारण जोन पेरीसारख्या बायकांबद्दल जे काही कळते ते इतरांच्या जबान्यांतून कळते, तर पुढच्या पिढ्यांतील सामान्य माणसे निदान स्वतःच्या तोंडाने बोलली आहेत.