चिठ्ठी केव्हा द्यावयाची?

रोग्यास मोठ्या रुग्णालयाकडे केव्हा पाठवावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा. परंतु मर्यादित साधनांच्या वाटपाचा विचार करणाऱ्या अर्थशास्त्रालाही तो परका नाही. सर्वांनाच पुढे धाडले, तर जिल्हा रुग्णालये ओसंडून वाहतील. कोणालाच न धाडावे, तर उपचाराची वेळ निघून जाईल. हृदयाच्या झडपांच्या विकारात ही दुसरी चूक फार महाग पडते.

आपल्याकडे ऐन तारुण्यात झडप बिघडण्याचे प्रमुख कारण म्हणजे बालपणी घसा येऊन नंतर सांधे धरणारा ऱ्हुमॅटिक ताप. अशा मुलास दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिल्यास ताप उलटण्याचा आणि झडपेची हानी वाढण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. हे औषध स्वस्त आहे. महाग आहे तो विसर.

श्रमाने लागणारी धाप, आडवे होताच कोंडणारा श्वास, पायांवरील सूज, अनियमित नाडी, आणि त्यासोबत स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा अस्वाभाविक आवाज, एवढ्यावर इको तपासणीसाठी चिठ्ठी दिलीच पाहिजे. प्रत्यक्षात स्त्रीची धाप अशक्तपणाच्या खाती जमा होते. झडप अरुंद झालेली असेल, तर गरोदरपणात वाढणारा भार हृदयास पेलवत नाही, आणि मग धावाधाव सुरू होते. वृद्धांची धाप व भोवळ ‘वयोमानानुसार’ ठरते. वस्तुतः महारोहिणीच्या मुखाशी असलेली झडप अतिशय अरुंद होऊन लक्षणे दिसू लागली, की उपचारांवाचून आयुष्य बहुधा थोड्याच वर्षांचे उरते, हे रॉस व ब्राउनवाल्ड यांनी 1968 मध्येच दाखवून दिले होते.

उपाय नाहीत असे नव्हे. जपानच्या कांजी इनोउए यांनी फुग्याने झडप रुंद करण्याची पद्धत 1980 नंतरच्या दशकात रूढ केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडविलेली भारतीय झडप 1990 मध्ये प्रथम रोग्यास बसविली गेली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियाही येतात. कच्चा दुवा आहे तो गावचे केंद्र आणि शहरातील रुग्णालय यांच्यामधला. एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब करून रोगी घरीच बसतो, आणि तो पोहोचला की नाही, हे चिठ्ठी देणाऱ्यास कळतही नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या दिवशी इकोची सोय, प्रवासखर्च आणि उलट टपाली उत्तर देणारी चिठ्ठी, एवढी तरी व्यवस्था शासनाने करावी. विलंबाची किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. ती रोग्याचे कुटुंब भरीत असते.