पाऊस दहापट, तहान तेवढीच

सौदी अरेबियात अल्-अहसा नावाचे मरुद्यान आहे. 2018 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथे खजुराची 25 लाख झाडे उभी आहेत, आणि वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात साडेआठशेच्या आसपास पडतो. तरीही टँकर येतो तो हिंगोलीच्या माळावर.

आता जरा हिशेब मांडू. एका चौरस किलोमीटरवर 850 मिलिमीटर पाऊस म्हणजे 85 कोटी लिटर पाणी. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, ती आठवत असेल. पुढे तिला पन्नास वाघिणी लागल्या आणि एका खेपेत 25 लाख लिटर पाणी येऊ लागले. म्हणजे हिंगोलीतल्या सेनगावच्या एका चौरस किलोमीटरवर वर्षभरात अशा 340 रेल्वे आभाळातून रिकाम्या होतात. जिल्ह्याचे क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या घरात, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 77 हजार. वाटणी केली तर माणशी रोज सुमारे 8,900 लिटर! एवढे पाणी अंगणात ओतले तर माणूस टँकरची नव्हे, होडीची वाट पाहील.

पाणी जाते कुठे? काही वाफ होऊन उडते, पिके पितात, बरेचसे कयाधू, पूर्णा, पैनगंगा या नद्यांतून निघून जाते. खाली मुरायचे, तर तिथे दख्खनचा काळा पाषाण बसलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून थिजला आणि त्याने झाकलेला मुलूख आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर उरला आहे. या खडकाच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातून विहिरीला मिळते खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के पाणी. एक घनमीटर खडक म्हणजे दहा ते तीस लिटर, फार तर दोन हंडे. अल्-अहसाखालच्या चुनखडीत मात्र हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस साठून राहिला. तिथले लोक पूर्वजांच्या काळाच्याही आधीचे पाणी पितात. आमचा यंदाचाच पाऊस दिवाळीनंतर शोधावा लागतो.

हिंगोली जिल्ह्यातच कयाधूकाठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म 1270 चा, आणि परंपरेने तो नरसीचा मानला जातो. ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रेला गेले असता मारवाडच्या वाळवंटात दोघे तहानेने व्याकूळ झाले, अशी कथा आहे. विहीर सापडली, पण पाणी खोल. ज्ञानेश्वर योगबळाने सूक्ष्म होऊन खाली उतरले, पाणी पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. मला या कथेतला भूगोल आवडतो. ज्याच्या गावाखाली कातळ, त्याने पाणी वर बोलावले. खाली उतरायचा मार्ग त्याला कसा सुचावा?

हिंगोलीकरांनी विठ्ठलाच्या भरवशावर न राहता धरणे बांधली, असे म्हणू या. पूर्णेवर येलदरी, आणि तिच्या खाली सिद्धेश्वर. येलदरीची एकूण साठवण 934 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 93,400 कोटी लिटर. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यावर वर्षभर पडणाऱ्या पावसाच्या जवळजवळ पाव. येलदरीची भिंत शेजारच्या जिल्ह्यातल्या जिंतुरात, आणि पाणी येते अजिंठ्याच्या डोंगररांगांकडून, तेव्हा यातले हिंगोलीचे थेंब किती, हा वाद गावकऱ्यांनीच घालावा. कालवे मात्र हिंगोलीतल्या वसमतच्या रानात उतरले आणि तिथे ऊस, केळी, हळद उभी राहिली. मराठवाड्याच्या नकाशावर मरुद्यान म्हणून बोट ठेवायचेच झाले तर ते वसमतवर ठेवावे लागेल.

हळदीत तर राज्यातला सर्वाधिक पेरा हिंगोली जिल्ह्याचा आहे. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण हे पीक नऊ महिने रानात असते आणि नुसत्या पावसावर भागवायचे तर दीड हजार मिलिमीटर मागते. एका हेक्टरला दीड कोटी लिटर! बेणेच हेक्टरी 25 क्विंटल लागते. ओली हळद 250 क्विंटल निघाली असे धरा. ती कढईत किंवा कुकरमध्ये शिजवायची, पसरून वाळवायची, ड्रममध्ये घोळून पॉलिश करायची. पाच क्विंटलचे एक क्विंटल उरते. म्हणजे 250 चे 50 क्विंटल, आणि बाकीचे 200 क्विंटल, वीस हजार लिटरच्या आसपास पाणी, हवेत. एका किलो हळकुंडामागे रानात पडले 3,000 लिटर पाणी. भाजीत दोन ग्रॅम टाकली की सहा लिटर. एवढे सगळे करून माल बाजार समितीत उतरला की व्यापारी हळकुंड मोडून पाहतो आणि त्यात ओल राहिली असेल तर भाव पाडतो.