कॅसिओवाल्याचे नाव काय?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण पक्षकार आला. मूर्तिजापूरकडचा. भीमगीतांच्या पार्टीत कॅसिओ वाजवायचा. एप्रिल महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज दर्यापूर, उद्या बार्शिटाकळी, परवा अंजनगाव. असाच एक कार्यक्रम आटोपून पहाटे परतताना त्यांची गाडी रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली आणि या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. आम्ही नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने साधा प्रश्न विचारला, "तुमच्या कमाईचा पुरावा काय?"

पुरावा नव्हता. वर्षाकाठी साठ-सत्तर कार्यक्रम करणाऱ्या या कलावंताजवळ एक पावती नव्हती, एक करारपत्र नव्हते. मी स्वतः गावोगावच्या जयंती मंडळांकडे फिरलो. एका मंडळाने वही काढून दाखवली. त्यात नोंद होती, 'कॅसिओवाला – ८००'. नाव नाही. त्याच कार्यक्रमाच्या पोस्टरवर अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष असे चौदा जणांचे फोटो होते. गायकाचे नाव ठळक होते. वाजवणाऱ्यांपैकी एकाचेही नव्हते. ती वही पुराव्यात आली तेव्हा दुसरा प्रश्न आला, "हा कॅसिओवाला म्हणजे हाच, हे कशावरून?"

वकील म्हणून मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. कार्यकर्ता म्हणून मात्र लाज वाटली.

त्याच सुमारास मी टेडी वेदरफर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादकाबद्दल वाचत होतो. आपल्या चळवळीत ब्लॅक पँथरचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती त्याच नावाची प्रेरणा घेऊन. पण त्याआधी छत्तीस वर्षे अमेरिकेतल्या गुलामांचा एक वंशज मुंबईत येऊन पियानो वाजवत होता, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

वेदरफर्डचा जन्म १९०३ सालचा, व्हर्जिनिया राज्यातल्या पोकाहाँटस या कोळसा खाणीच्या गावातला. योगायोग असा, की मुंबईचे ताजमहाल हॉटेलही त्याच वर्षी सुरू झाले. पोरवयात तो न्यू ऑर्लिन्सला गेला आणि तिथे पियानो शिकला. जॅझ हे संगीत त्याच शहरात वाढले. शेतमजुरांची गाणी, चर्चमधली भजने, लग्न-मयताला वाजणारे बँड या सगळ्यांतून ते आले. ठरलेली चाल धरायची आणि तिच्यावर प्रत्येकाने आपल्या अकलेने जागच्या जागी नवे काही वाजवायचे, ही त्याची रीत. आपल्याकडे कव्वालीच्या सामन्यात समोरच्याच्या सवालाला गायक उभ्या उभ्या जबाब रचतो, तसेच हे. त्या काळच्या जॅझ पियानोत डावा हात ठेका धरायचा आणि उजवा हात चाल खेळवायचा. म्हणजे एकट्या माणसाच्या दहा बोटांत अख्खा बँड.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वेदरफर्ड शिकागोला होता. मूकपटांच्या थिएटरात एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात तो आणि लुई आर्मस्ट्राँग एकत्र वाजवत. पुढे आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाला. वेदरफर्डने मात्र १९२६ मध्ये अमेरिका सोडली आणि शांघाय गाठले. तिथे तो एका रात्रीत अनेक क्लबांत जाऊन वाजवायचा. कृष्णवर्णीयांचे थोर कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ मध्ये शांघायला गेले तेव्हा त्यांची आणि वेदरफर्डची भेट झाली होती.

१९३६ साली तो मुंबईला आला आणि क्रिकेट स्मिथ यांच्या बँडबरोबर ताजमध्ये वाजवू लागला. वाचकांनी हे साल लक्षात घ्यावे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली होती. मे १९३६ मध्ये जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरचे बाबासाहेबांचे न झालेले भाषण छापून आले. त्याच महिन्याच्या अखेरीस दादरला महार परिषद भरली. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, परळच्या चाळीत एक समाज माणूसपणाचा निर्णय घेत होता आणि अपोलो बंदरावर गुलामांचा वंशज संस्थानिकांपुढे नि साहेबांपुढे पियानो वाजवत होता. ताजच्या शेजारीच यॉट क्लब. तिथे भारतीयांना सभासद होता येत नव्हते. ताजच्या त्या दिवाणखान्यात गिरणी कामगार कधी पोचला नाही, हेही खरे. दोन्ही मुंबई एकमेकींना भेटल्या नाहीत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाला लागूनच हार्लेम. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. ही नाळ त्यांना ठाऊक होती.

वेदरफर्ड नंतर कलकत्त्याला स्थिरावला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रँड हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड होता. त्यात अँग्लो-इंडियन होते, गोवेकर होते, नेपाळीही होता. २५ एप्रिल १९४५ रोजी कॉलऱ्याने तो गेला. वय अवघे ४१. हॉटेलातला पियानोवादक आणि मृत्यू गरिबाच्या रोगाने! पण त्याच्या ध्वनिमुद्रिका राहिल्या. त्यांच्या लेबलवर त्याचे नाव छापलेले आहे. म्हणूनच आज अकोल्यातला एक वकील त्याच्याविषयी चार ओळी लिहू शकतो. नाव छापले गेले, म्हणून माणूस उरला.

त्याच्या बँडमधला तो नेपाळी ट्रम्पेटवादक म्हणजे पुष्कर बहादूर. युरोपीय थाटाच्या बँडमध्ये शिरताना त्याने जॉर्ज बँक्स असे नाव घेतले. १९४१ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने आर्मस्ट्राँगवरून लुई ठेवले. तेच आज मुंबईतले आधुनिक जॅझचे सर्वांत मोठे पियानोवादक लुई बँक्स. १९८८ मध्ये दूरदर्शनवर लागणाऱ्या 'मिले सूर मेरा तुम्हारा'च्या घडणीत त्यांचाही वाटा होता. शिकागोचा सूर कलकत्त्यामार्गे मुंबईत असा मुरला. दुसरीकडे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोवेकर वादकांनी हिंदी सिनेमाचे संगीत उभे केले, पण पडद्यावर मोठे नाव संगीतकाराचे. वाजवणारा मागेच राहिला.

आता आपल्याकडे वळू. वऱ्हाडात डफडे आणि वाजंत्री हे आपल्या माणसांच्या माथी मारलेले काम होते. पाटलाच्या लग्नात वाजवायचे आणि जेवायला उकिरड्याजवळ बसायचे. ते सोडा, असे चळवळीने सांगितले ते शंभर टक्के बरोबर होते. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, अंबादेवीचा प्रश्न पेटला, तेव्हापासून या मातीत स्वाभिमानाची ठिणगी आहे. धर्मांतरानंतर गावकीची कामे नाकारल्याबद्दल आपल्या लोकांनी बहिष्कारही सोसला. परंतु आपण सोडायचे होते ते वाजवणे नव्हे, सक्ती सोडायची होती. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. वाद्यात विटाळ असता तर त्यांनी ते हाती धरले असते काय?

कृष्णवर्णीयांनी नेमके हेच केले. ज्या हातांत मालकाने कापसाचे पोते दिले होते, त्या हातांनी त्यांनी पियानो घेतला आणि त्याचे दाम मागितले. आपण मात्र अर्धेच केले. पाटलाच्या दारातले डफडे सोडले. जयंतीच्या मंचावर कॅसिओ, ढोलकी, ऑक्टोपॅड आले. पण वाजवणाऱ्याकडे पाहण्याची नजर गावकीचीच राहिली. रात्री दहाला बोलवायचे, पहाटे तीनला 'घ्या हे, समजून घ्या' म्हणून पाकीट द्यायचे, जेवणाचे विचारायचेही नाही. हा बलुत्याचाच व्यवहार आहे. फरक एवढाच, की पाटील आता आपणच आहोत.

"समाजाच्या कामाचे काय पैसे मागायचे?" असा युक्तिवाद कार्यकर्ते करतात. मंडपवाला, जनरेटरवाला, डीजेवाला यांना हा युक्तिवाद कोणी ऐकवत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांच्या खांद्यावर गावोगाव पोचली, त्या पेटीवाल्या-ढोलकीवाल्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? विचार करून पाहावा.

कायदा वाजवणाऱ्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सांगितले, की अपंगत्व डॉक्टरच्या टक्केवारीवर नव्हे तर त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला यावर मोजावे. कारकुनाची दोन बोटे आणि वादकाची दोन बोटे सारखी नाहीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ ब आले. आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे, असा दावा करण्याचा हक्क त्यात कलावंताला दिलेला आहे. परंतु कायदा कागद मागतो. माझ्या पक्षकाराजवळ कागद नव्हता. अखेर त्याची कमाई अंदाजाने धरली गेली, एखाद्या अकुशल मजुराइतकी. निकालानंतर तो एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, मी मजुरीच करत होतो म्हना ना."

म्हणून जयंती मंडळांना माझे सांगणे आहे. येत्या १४ एप्रिलला साध्या कागदावर का होईना, पण करार करा. मानधन प्रत्येक वादकाला त्याच्या नावाने, शक्यतो बँकेतून द्या. परतीच्या प्रवासाची आणि विम्याची जबाबदारी घ्या. पोस्टरवरचे दोन फोटो कमी करा आणि तिथे वादकांची नावे छापा. विहारात संध्याकाळी एक पेटी, एक कॅसिओ ठेवा. शिकवायला याच पोरांना मानधनावर बोलवा.

आणि निदान वहीत तरी 'कॅसिओवाला' असे लिहू नका. त्याला विचारा, "भाऊ, तुझे नाव काय?" आणि ते पूर्ण लिहा. जयभीम!