उंबरठ्याआड झांकलेलें व्यसन

अंमली पदार्थांचा विषय निघाला कीं आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक उद्गार ऐकूं येतो: "हें मुंबई-पुण्याचें खूळ, आमच्या घोडेगांवांत आणि आमच्या मुलांना त्याची कसली बाधा?" असें म्हणणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो. परंतु या समजुतीमुळेंच घरांत शिरलेलें व्यसन फार दिवस ओळखूं येत नाहीं. आणि ओळखलें तरी तें झांकण्याकडेच सर्वांची बुद्धि धांवते.

या व्याधीशीं झुंजणारी जी एक मोठी संस्था महाराष्ट्रांत उभी राहिली, तिचा एक धागा आपल्या शेजारींच निघतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. घोडेगांवाहून जुन्नर मागें टाकलें कीं पुढें ओतूर लागतें. या ओतुरांत १९४४ सालीं डॉ. अनिल अवचट यांचा जन्म झाला. वैद्यकीची पदवी घेऊनही त्यांनीं लेखणी हातीं धरली, आणि 'गर्द' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ब्राउन शुगरच्या पायीं उद्ध्वस्त होणाऱ्या तरुणांविषयीं लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचीं अंतःकरणें हेलावलीं आणि त्यांनीं आपण होऊन साहाय्य देऊं केलें. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता या मनोविकारतज्ज्ञ. या सर्वांच्या प्रयत्नांतून २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवड्यांत 'मुक्तांगण' व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. डॉ. अनिता १९९७ सालीं निवर्तल्या. पुढें त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं कार्याची धुरा वाहिली.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. तिचें मूळ अफूंत. सवय जडली कीं शरीराचें तिच्यावांचून चालेनासें होतें. वेळ चुकली तर नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, हाडें ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोंप उडते. हा जोर साधारणतः आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. मनाची ओढ मात्र तशी ओसरत नाहीं. म्हणूनच 'चार दिवस खोलींत कोंडा' हा घरगुती उपाय फसतो. शिवाय कांहीं काळ व्यसन सुटल्यावर शरीराची सहनशक्ति उतरलेली असते. अशा वेळीं पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतते.

आतां घरच्या मंडळींकडे वळूं. मुलगा पैसे मागूं लागला कीं आई वडिलांच्या नकळत देते. काका त्याचें देणें गुपचूप फेडतात. दागिना नाहींसा झाला तर संशय मोलकरणीवर जातो. शेवटीं कोणी तरी वडीलधारें सुचवितें, "दोनांचे चार हात करा, म्हणजे ताळ्यावर येईल." आणि एका परक्या मुलीचा संसार औषध म्हणून वापरला जातो! यांत कोणाचेंच मन दुष्ट नसतें. परंतु प्रत्येकाच्या मायेंतून रसद मिळते ती व्यसनाला.

मुक्तांगणानें ही गांठ नेमकी हेरली. तेथील उपचारांत औषधांबरोबरच समुपदेशन, गटांतील मोकळें बोलणें आणि घरीं परतल्यावरचा पाठपुरावा यांस मोठें स्थान आहे. स्वतः व्यसनांतून सुटलेले पुष्कळ जण पुढें तेथेंच कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठीं 'सहचरी' हा गट निघाला. कारण व्याधि एकट्याची नसून सगळ्या घराची असते, हें तेथें ओळखलें गेलें.

कायद्याची भीति घालून गप्प बसविणारेही असतात. १९८५ चा अंमली पदार्थांविषयींचा कायदा कडक आहे खरा, आणि चोरट्या व्यापाराच्या बंदोबस्तासाठीं केंद्र सरकारनें १९८६ च्या मार्चांत नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोही स्थापन केला. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४ अ मध्यें दयेचें एक दार ठेवलेलें आहे. केवळ सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी इसम आपण होऊन मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेईल, तर त्यास त्या खटल्यापासून सूट मिळूं शकते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ती काढून घेतां येते. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनिही सल्ल्यासाठीं उपलब्ध आहे.

घरांत कोणास मधुमेह जडला तर आपण चारचौघांत सांगतों आणि चांगल्या डॉक्टरांचा पत्ता विचारतों. व्यसन मात्र देवघरामागच्या अंधाऱ्या खोलींत लपवितों. डॉ. अवचट २७ जानेवारी २०२२ रोजीं गेले. त्यांनीं लावून दिलेली वाट अजून चालती आहे. घोडेगांवाहून येरवडा कांहीं फार दूर नाहीं. सर्वांत अवघड अंतर आहे तें आपल्याच माजघरापासून उंबरठ्यापर्यंतचें. आणि तें घरांतील कर्त्या माणसानें प्रथम ओलांडावयास हवें.