चिकटू पाण्याचे अंतराळी चाळे

अंतराळात पाणी तरंगतं, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण खरी धमाल सुरू होते ते कशाला तरी टेकल्यावर. एकदा बिलगलं की सुटायचं नाव घेत नाही!

२०१३ मध्ये कॅनडातल्या दोन शाळकरी मुलींनी सुचवलेला प्रयोग अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात करून दाखवला. प्रयोग काय, तर ओलं फडकं पिळायचं. बोलता बोलता हातातला माइक हवेत सोडून देऊन त्यांनी फडक्याला पीळ दिला. पाणी बाहेर तर आलं, पण पडणार कुठे? फडक्याभोवती पाण्याची पारदर्शक नळी तयार झाली आणि तिथून ते हातांवर सरकलं. दोन्ही हातांना जणू जेलीचे हातमोजे!

असं का होतं? यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’. साफ चूक. स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर वर आहे आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के भरतं. फक्त स्थानक, माणसं आणि पाणी सगळेच ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती सतत ‘पडत’ असतात, म्हणून कुणालाच वजन जाणवत नाही. वजन गेलं की एरवी दबून असलेला पृष्ठताण दादागिरी सुरू करतो. त्याला पृष्ठभाग कमीत कमी हवा असतो, म्हणून पाणी गोल होतं. २०१४ मध्ये अंतराळवीरांनी असा गोळा केला आणि त्याच्या पोटात चक्क चालू कॅमेरा सारला. २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्लाही सहकारी पेगी व्हिटसन यांच्यासोबत तिथे पाण्याच्या तरंगत्या गोळ्याशी खेळले.

बरं, पाण्याने न भिजणारी वस्तू समोर आली तर? तर ते चेंडूसारखं उसळतं. जानेवारी २०१६ मध्ये अंतराळवीर स्कॉट केली यांनी अंतराळातला आपला सलग तीनशेवा दिवस साजरा केला तो पाण्याच्या थेंबाने पिंगपाँग खेळून. बॅट अर्थातच पाणी झिडकारणाऱ्या होत्या.

चहाबाजांसाठी मात्र वाईट बातमी. तिथे उकळी फुटत नाही. बुडबुड्यांना वर जायला ‘वर’च नाही, गरम पाणीही हलकं होऊन चढत नाही, तापलेल्या जागीच बुडबुडे एकमेकांत मिसळून एक मोठा फुगा तयार करतात. म्हणून गरम पाणी यंत्रातून घ्यायचं, पाऊचमध्ये भरायचं आणि नळीने ओढायचं. कॉफीचा असा अपमान अंतराळवीर डॉन पेटिट यांना सहन झाला नाही. २००८ मध्ये त्यांनी प्लास्टिकचा कागद दुमडून एका बाजूला टोकदार कोपरा असलेला कप बनवला. त्या कोपऱ्यातून कॉफी केशाकर्षणाने आपोआप ओठांपर्यंत चढते. चिकटपणाच कामाला लावला की!

सोड्याचा प्रयोग १९८५ मध्येच झाला. कोक आणि पेप्सी, दोघेही एकाच शटलमधून वर गेले. वायू आणि द्रव पोटातही वेगळे होत नाहीत, त्यामुळे ढेकर येतो तो ओला. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

रडू आलं तर अश्रूही गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यावरच गोळा होऊन बसतात. इथवर गंमत. पण १६ जुलै २०१३ रोजी अंतराळवीर लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी शिरू लागलं. जमिनीवर ते मानेखाली उतरलं असतं. इथे ते डोक्याच्या मागून पुढे सरकत डोळ्यांवर आणि नाकावर चढलं. पुसणार कसं? हात तर हेल्मेटच्या बाहेर. दिसेना, नीट ऐकू येईना. अखेर सुरक्षा दोरीच्या ओढीचा माग काढत ते आत पोचले. सुमारे दीड लिटर पाणी साचलं होतं. बुडून मरायचं म्हटलं तर अंतराळासारखी अशक्य वाटणारी जागा दुसरी नाही, पण त्या दिवशी ते थोडक्यात टळलं.

आणि स्थानकाची, यानाची भिंत ओलांडून गेलेलं पाणी? निर्वातात ते उकळतं आणि लगेच गोठतंही. १९८४ मध्ये ‘डिस्कव्हरी’ शटलच्या पहिल्याच फेरीत बाहेर सोडलेल्या सांडपाण्याचा आणि लघवीचा बर्फ नळीच्या तोंडाशी जमला. तो तुटून यानावर आदळला तर, ही धास्ती. शेवटी कमांडर हेन्री हार्ट्सफील्ड यांनी उपग्रह हाताळायचा कोट्यवधींचा यांत्रिक हात वापरून तो सुळका ठोकून पाडला. ती नळी मात्र पुन्हा वापरता येईना, आणि उरलेल्या दिवसांत पुरुष अंतराळवीरांनी लघवीसाठी प्लास्टिकच्या पिशव्यांवर भागवलं.