एका जीनोमला २.३८ लाख, एक क्षयरोग टाळायला २.२४ लाख

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाला जानेवारी २०२० मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च २३८ कोटी रुपये होता आणि उद्दिष्ट १० हजार भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचण्याचे. हिशेब माणशी २ लाख ३८ हजार रुपयांवर येतो. त्याच सुमारास, २०१९ ते २०२२ या काळात, झारखंडमध्ये ‘राशन्स’ हा अभ्यास झाला. त्यात क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने शिधा दिला गेला. त्याच्या आकड्यांवरून क्षयरोगाचा एक नवा रुग्ण टाळण्यासाठी लागलेल्या शिध्याची किंमत निघते सुमारे २ लाख २४ हजार रुपये.

दोन्ही रकमा जवळपास सारख्या आहेत. पुढे त्यांचे झाले ते मात्र सारखे नाही. जीनोमचा खर्च अर्थसंकल्पातून होतो. घरच्यांच्या शिध्याचा निर्णय देशभर लागू करताना तो देणगीदारांच्या योजनेला जोडण्यात आला.

जीनोमचे २३८ कोटी

जैवतंत्रज्ञान विभागाच्या या प्रकल्पात २० संस्था सहभागी झाल्या. ९ जानेवारी २०२५ रोजी १०,०७४ जीनोमची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ८३ लोकसमूहांतील ९,७७२ व्यक्तींच्या जीनोममध्ये सुमारे १८ कोटी जनुकीय बदल नोंदले गेले.

हा खर्च का हवा, हे दुसऱ्या एका आकड्यातून कळते. आजार आणि जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासांत २००९ मध्ये ९६ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते; २०१६ मध्येही हे प्रमाण ८१ टक्के होते. प्रिसिजन मेडिसिन, म्हणजे रुग्णाची जनुके, परिस्थिती आणि राहणी पाहून ठरवलेले उपचार, ज्या माहितीवर उभे राहायचे ती माहितीच एकतर्फी होती. क्षयरोगावरचे आयसोनायझिड हे औषध काहींच्या शरीरात सावकाश विघटित होते आणि त्यांच्या यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. हा फरक एनएटी-२ या जनुकामुळे पडतो. भारतातल्या कोणत्या समूहात तो किती आढळतो, हे भारतीय जीनोम वाचूनच कळणार.

अमेरिकेने याच कामासाठी २०१६ च्या कायद्यान्वये दहा वर्षांत १४५.५ कोटी डॉलरची तरतूद केली. तिथल्या ‘ऑल ऑफ अस’ कार्यक्रमाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २,४५,३८८ जीनोमचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातले ७७ टक्के सहभागी आजवर संशोधनात कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या गटांतले होते आणि पूर्वी कुठेही न नोंदलेले २७.५ कोटी जनुकीय बदल त्यातून समोर आले. सहभागींच्या जनुकांबरोबर त्यांची वस्ती, अन्नाची उपलब्धता आणि ताणतणाव यांचीही माहिती हा कार्यक्रम घेतो. त्याचा वार्षिक निधी मात्र २०२३ मधील ५४.१ कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये ३५.७ कोटींवर आला. एका वर्षात ३४ टक्के कपात.

शिध्याचे २.२४ लाख

‘राशन्स’ अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झाला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती, म्हणजे एका रुग्णामागे सरासरी ३.७ माणसे. शिधा सगळ्या रुग्णांना मिळाला: महिन्याला १० किलो, त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल. तुलना झाली ती घरच्यांची. एका गटातील ५,६२१ जणांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. दुसऱ्या गटातील ४,७२४ जणांना दिली नाही.

शिधा मिळालेल्या गटात ९६ जणांना क्षयरोग झाला, म्हणजे १.७ टक्के. न मिळालेल्या गटात १२२ जणांना झाला, म्हणजे २.६ टक्के. इतर घटकांचा हिशेब करून संशोधकांनी काढलेली घट ३९ टक्के आहे. संसर्ग पसरवू शकणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगात ती ४८ टक्के भरली.

घरच्या प्रत्येक माणसाचा शिधा तेव्हाच्या दराने महिन्याला ३२५ रुपयांचा होता, सहा महिन्यांचा १,९५० रुपयांचा. दोन्ही गटांतील प्रमाणांची सरळ वजाबाकी केली, तर एक रुग्ण टाळण्यासाठी साधारण ११५ जणांना शिधा द्यावा लागतो. १,९५० गुणिले ११५ म्हणजे २ लाख २४ हजार. यात वाहतूक आणि मनुष्यबळ धरलेले नाही. टळलेल्या रुग्णापासून पुढे ज्यांना लागण झाली असती, तेही धरलेले नाहीत.

या दोन रकमा एकाच मापाच्या नाहीत. जीनोम एकदा वाचला की ती माहिती अनेक वर्षे, अनेक आजारांसाठी वापरता येते. शिधा दरमहा लागतो. पण शिध्याचा परतावा आज मोजलेला आहे. जीनोमचा परतावा मिळायला वेळ लागेल.

रुग्णांचे आकडेही बोलके आहेत. अभ्यासात आलेल्या पाच रुग्णांपैकी चार कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत वजन १ टक्का वाढले की मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी कमी दिसला; ५ टक्के वाढले की ६१ टक्क्यांनी. ४० किलोच्या रुग्णाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे २ किलो.

क्षयरोगाच्या एकत्रित गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो: ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोच्या रुग्णाला चार. प्रौढांच्या या तक्त्यातला पहिला गट २५ ते ३४ किलोंचा आहे आणि त्याला दोन गोळ्या. प्रौढ माणूस इतक्या कमी वजनाचा असू शकतो, हे उपचारपद्धतीने गृहीत धरले आहे.

उद्दिष्ट ४७, प्रत्यक्षात १८७

२०१५ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे २३७ नव्या क्षयरुग्णांचा अंदाज होता. २०२४ चा अंदाज १८७ आहे. नऊ वर्षांतली घट २१ टक्के, जगाची १२ टक्के. भारताने २०२५ साठी ठेवलेले उद्दिष्ट ८० टक्के घटीचे, म्हणजे ४७ पर्यंत येण्याचे होते. २०२३ चा प्रकाशित अंदाज १९५ होता. म्हणजे एका वर्षात ४.१ टक्के घट. हाच वेग राहिला, तर १८७ वरून ४७ वर यायला ३३ वर्षे लागतील.

तपासणी मागे पडलेली नाही. २०२४ मध्ये २६.१८ लाख रुग्णांची नोंद झाली. २०२३ च्या सुमारे २५.५ लाखांपेक्षा ती सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त आहे. जंतूच्या जनुकांवरून निदान करणारी ट्रूनॅट यंत्रे बनवणारी कंपनी गोव्यातली आहे. रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाला जंतू दाद देत नाही, हे त्या यंत्रावर काही तासांत कळते.

तरीही रुग्ण यंत्रापर्यंत वेळेत येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणे असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोकांनी कुठेही उपचार घेतले नव्हते. त्यातल्या ६८ टक्क्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोगविरोधी मोहिमेत १२.९७ कोटी लोकांची तपासणी झाली आणि ७.१९ लाख रुग्ण सापडले. त्यातल्या २.८५ लाखांना, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांना, लक्षणेच नव्हती. आजार अंगात असून तो जाणवत नाही, अशा माणसाच्या घरात शिधा पोहोचणे हाही प्रतिबंध ठरतो.

पैसा कुठे आहे

क्षयरुग्णांना पोषणासाठी पैसे देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम १,००० रुपये झाली आणि त्यासाठी केंद्र व राज्ये मिळून १,०४० कोटींचा वाढीव भार आला. त्याआधी १.१३ कोटी लाभार्थ्यांना ३,२०२ कोटी रुपये दिले गेले होते. सरासरी माणशी २,८३४ रुपये. सहा महिन्यांच्या उपचारांचा हक्क ३,००० रुपयांचा होता. पैसे पोहोचवण्याची यंत्रणा चालते, एवढे या आकड्यावरून म्हणता येते. पण ही रक्कम रुग्णाची आहे. १,००० रुपये हे ‘राशन्स’मधील रुग्णाच्या २०१९ च्या १,१०० रुपयांच्या शिध्यापेक्षाही कमी आहेत.

घरच्यांना पोषण देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तो ‘निक्षय मित्र’ उपक्रमाखाली. या उपक्रमात व्यक्ती, संस्था आणि कंपन्या शिधा देतात. म्हणजे ३९ टक्के परिणाम दाखवणारा उपाय स्वेच्छेने मिळणाऱ्या मदतीवर आहे.

तो सरकारी तिजोरीतून द्यायचा, तर किती लागेल? २६.१८ लाख रुग्ण गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ९७ लाख माणसे. प्रत्येकी १,९५० रुपये धरले, तर वर्षाला सुमारे १,८९० कोटी. २०१९ नंतरच्या महागाईसाठी दीडपट केले, तर सुमारे २,८३५ कोटी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२५-२६ ची तरतूद ९९,८५९ कोटी होती, आदल्या वर्षीच्या ९०,९५९ कोटींपेक्षा ९.८ टक्क्यांनी जास्त. शिध्याचा वाटा त्यात २.८ टक्के होईल. केवळ त्या एका वर्षाची वाढच ८,९०० कोटींची होती.

झारखंडमधील कुपोषण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, त्यामुळे तिथला परिणाम प्रत्येक राज्यात तसाच दिसेल असे नाही. तिथल्याइतका परिणाम धरला, तर ९७ लाखांमागे ८४ हजार रुग्ण टळतात. निम्मा धरला, तरी ४२ हजार.

कुपोषणाचा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान राज्यातील पाच वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण ३६.० टक्क्यांवरून ३६.१ टक्क्यांवर गेले; खुज्या मुलांचे ३४.४ वरून ३५.२ वर. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्केच होते. पाचव्या फेरीत देशाची सरासरी १९.३ टक्के होती.

जीनोमवरचा खर्च कमी करण्याचे कारण यातल्या एकाही आकड्यात नाही. उलट, १० हजार ही संख्या १४० कोटींच्या देशासाठी सुरुवातच आहे आणि ती वाढली पाहिजे. मागणी दुसरी आहे: क्षयरुग्णाच्या घरच्यांचा शिधा देणगीच्या भरवशावरून काढून अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली आणा. रुग्णाचे उपचार सुरू होतानाचे आणि दोन महिन्यांनंतरचे वजन, तसेच घरातल्या प्रत्येकाचे वजन आणि उंची, यांचे आकडे जिल्हावार दर तिमाहीला प्रसिद्ध करा. डोस ठरवण्यासाठी रुग्णाचे वजन केले जातेच. वजनकाटा आरोग्य केंद्रावर आहे. २,८३५ कोटींची तरतूद तेवढी बाकी आहे.