लांब पाठीचा सोबती

१९७२ साली जर्मनीतील म्युनिक शहरात ऑलिंपिक सामने भरले होते. उन्हाळी ऑलिंपिकच्या इतिहासात त्या वेळी प्रथमच सामन्यांसाठी अधिकृत शुभंकर निवडण्यात आला. तो सिंह नव्हता, गरुड नव्हता की घोडाही नव्हता. तो होता आखूड पायांचा, लांब पाठीचा एक छोटा कुत्रा. त्याचे नाव वाल्डी. त्या वर्षीच्या मॅरेथॉन शर्यतीचा मार्गदेखील नकाशावर या कुत्र्याच्या आकृतीसारखा दिसेल असा आखलेला होता.

वाल्डी ज्या जातीचा, तिला आपण डॅशहुंड म्हणतो. जर्मन लोक लाडाने तिला 'डाकल' म्हणतात. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर हा जमिनीत बीळ करून राहणारा प्राणी आहे. त्याच्या बिळात शिरता यावे, म्हणून शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आखूड पायांचे आणि लांबट अंगाचे कुत्रे निवडून वाढवले. आज यांतील बहुतेक कुत्रे शिकारीला जात नाहीत. ते घरात मुलांबरोबर राहतात, त्यांच्याबरोबर बागेत फिरतात, ट्रामनेही प्रवास करतात.

परंतु ज्या बांध्यामुळे हा कुत्रा बिळात सहज शिरतो, तोच बांधा त्याला एका दुखण्याकडेही नेतो. हे दुखणे जर्मनीत इतके परिचयाचे आहे, की त्याला 'डाकललेमे' असा खास शब्दच रूढ झाला आहे. त्याचा अर्थ, डाकलचे लुळेपण. हे कसे घडते, ते आपण समजून घेऊ.

तुमच्या पाठीवरून बोट फिरवा. हाताला लागतात ते मणके. कुत्र्याच्या पाठीचा कणाही असाच मणक्यांचा बनलेला असतो. मणक्यांच्या पोकळीतून मेरुरज्जू जातो. मेरुरज्जू म्हणजे मज्जातंतूंचा जाड दोर. मेंदूचा निरोप पायांपर्यंत आणि पायांचा निरोप मेंदूपर्यंत तोच पोहोचवतो. बहुतेक मणक्यांच्या मध्ये एक मऊ चकती असते. तिला आपण बोलताना 'गादी' म्हणतो. उडी मारताना बसणारा धक्का ही गादी झेलते. डॅशहुंडात ही गादी लहान वयातच सुकून कडक होऊ लागते. २०१७ साली संशोधकांनी असे दाखवून दिले, की पाय आखूड करणाऱ्या आनुवंशिक बदलांपैकीच एक बदल गादीच्या या विकाराशी निगडित आहे. कडक झालेली गादी एखाद्या दिवशी फुटते आणि आतला भाग मेरुरज्जूवर दाबला जातो. मग निरोप अडतो. पाठ दुखते, पाय अडखळतात आणि दाब फार असेल तर मागचे पाय लुळे पडतात. दर चार-पाच डॅशहुंडांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही म्युनिकमधील एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता. घरात पाच वर्षांचा डाकल आहे. रोज तुम्ही शाळेतून आलात, की तो सोफ्यावरून उडी मारून धावत येतो. आज मात्र तो जागचा उठत नाही. पाठ किंचित वाकवून उभा राहतो. उचलायला गेलात, तर कळवळतो. चालताना त्याच्या मागच्या पायाची नखे फरशीवर घासल्याचा आवाज येतो. तुमच्या आईने पशुवैद्यांना फोन करून सारे सांगितले. त्यांनी त्याच दिवशी तपासले आणि म्हटले, "पाठीचा त्रास असावा असे वाटते, पण नक्की सांगायचे तर पुढची तपासणी करायला हवी. ती परवा होईल." मग हे दोन दिवस काय करायचे? हाच आपल्या पाठाचा खरा प्रश्न आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या, की लंगडणे हा रोग नव्हे. ते एक लक्षण आहे. पंजात काटा रुतला, नख तुटले, स्नायू दुखावला, तरी कुत्रा लंगडतो. म्हातारपणी सांधे झिजले, तर तो सकाळी ताठरतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. जर्मनीतील दुसरी प्रसिद्ध जात म्हणजे जर्मन शेफर्ड. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स यांनी या जातीची पद्धतशीर जोपासना सुरू केली. या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष पुष्कळदा आढळतो. म्हणजे एकच लंगडी चाल, पण तिच्यामागे कारणे कितीतरी! डॅशहुंड आहे म्हणून पाठच दुखावली असेल, असे गृहीत धरणेही बरोबर नाही. कारण निराळे, तर उपचारही निराळा.

हे कारण शोधण्याच्या कामी जर्मनीतच लागलेला एक शोध आज जगभर उपयोगी पडतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञांना एक नवे किरण आढळले. हे किरण कसले आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून अज्ञात राशीला देतात तसे त्यांनी त्यांना नाव दिले. तेच आपले क्ष-किरण. राँटगेन यांनी शोधाची घोषणा लगेच केली नाही. पुढचे काही आठवडे ते प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा पडताळणी करत राहिले आणि डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी आपला निबंध सादर केला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. जे अजून कळलेले नाही, त्याबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये, हा धडा आपणही त्यांच्यापासून घ्यावा.

क्ष-किरणांनी हाडे आणि सांधे दिसतात. खुब्याचा दोष त्यांतून चांगला कळतो. मेरुरज्जू मात्र साध्या क्ष-किरण छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी बहुधा एम.आर.आय. तपासणी करावी लागते. त्या वेळी कुत्र्याने मुळीच हलता कामा नये, म्हणून त्याला भूल द्यावी लागते. यंत्र मोठे आणि महाग असल्यामुळे ते प्रत्येक दवाखान्यात नसते. निदानाला वेळ लागतो, तो यामुळे.

या काळात आपल्या हाती पहिला उपाय आहे तो विश्रांतीचा. फुटू पाहणारी गादी एका उडीने अधिक फुटू शकते. म्हणून धावणे, उड्या, जिने आणि चेंडूचा खेळ पूर्ण बंद ठेवावा. कुत्र्यासाठी घरात लहानसा कोपरा आडोसा करून बंदिस्त करावा किंवा त्याला मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे. त्याला उभे राहता यावे, वळता यावे, निजता यावे; पण धावता येऊ नये, एवढीच जागा असावी. खाली पाय न घसरणारी सतरंजी किंवा चटई घालावी. पाणी आणि अन्न जवळ ठेवावे. लघवी-शौचासाठी उचलून खाली न्यावे आणि गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा. तो दाराकडे पाहून कुंई कुंई करील, तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल. त्याला सोडावेसे वाटेल. पण त्या क्षणी त्याला न सोडणे हीच खरी माया असते.

कुत्र्याला उचलण्याचीही रीत आहे. एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या अंगाखाली घालून पाठ आडवी, सरळ राहील असे उचलावे. पुढच्या पायांना धरून लोंबकळत कधीही उचलू नये. हे काम मोठ्या माणसांनी करावे हे बरे. वेदना होत असताना अगदी गरीब स्वभावाचा कुत्राही चावू शकतो. तो दुष्ट झाला, असे समजू नका. तो फक्त घाबरलेला असतो.

दुसरा उपाय आहे निरीक्षणाचा आणि हे काम तुम्ही मुले उत्तम करू शकता. एक वही घ्या. तारीख व वेळ घालून लिहा: कोणता पाय अडखळतो? सकाळी जास्त की संध्याकाळी? पंजा उलटा पडतो का? खाल्ले किती? लघवी केव्हा झाली? कशाने कळवळला? "बरा वाटतो" किंवा "बरा वाटत नाही" असे लिहू नका. "सकाळी सात वाजता चार पावले चालला, डावा मागचा पाय दोनदा घासला" असे लिहा. घरात मोबाइल असेल, तर तो आपणहून चालत असताना मोठ्यांकडून थोडे चित्रण करून घ्या. पुष्कळ कुत्रे दवाखान्यात गेले, की भीतीने ताठ उभे राहतात आणि तिथे लंगडणे दिसत नाही. अशा वेळी तुमची वही आणि ते चित्रण पशुवैद्यांना मदत करते. कुत्र्याला बोलता येत नाही. तुमची वही त्याच्या वतीने बोलते.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. दुखऱ्या पाठीला तेल लावून चोळू नये. पाय ओढून पाहू नयेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिवाय वेदना दबली, की कुत्रा पुन्हा उड्या मारू लागतो आणि आतली इजा वाढते. औषध पशुवैद्यांनी दिले असेल तेच आणि सांगितले असेल तेवढेच द्यावे. घरात लघवी झाली, तर त्याला रागावू नये. मज्जातंतूंवर दाब आला, की लघवीवरचा ताबाही सुटतो.

वाट पाहण्याला एक मर्यादाही असते. कुत्र्याला मागच्या पायांवर उभेच राहता येईना, पाय ओढत तो सरपटू लागला, लघवी तुंबली किंवा एकसारखा कळवळू लागला, तर परवाची तपासणी परवाच होईल असे म्हणून बसू नये. रात्र असली, तरी तत्काळ फोन करून दवाखाना गाठावा. दाबलेल्या मेरुरज्जूच्या बाबतीत तासांना महत्त्व असते. पायांत संवेदना शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक कुत्रे पुन्हा चालू लागतात. संवेदना पूर्ण गेल्यावर ही आशा निम्म्याच्या आसपास येते. म्हणजेच, केव्हा थांबावे आणि केव्हा धावावे, हे तुमच्या निरीक्षणावरच ठरते.

निदान झाल्यावर प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच लागते असे नाही. सौम्य दुखण्यात काही आठवड्यांची सक्त विश्रांती आणि योग्य औषधे पुरेशी ठरतात. काही कुत्र्यांचे पाय मात्र परत येत नाहीत. अशा कुत्र्यांसाठी मागे दोन चाके असलेली हलकी गाडी मिळते. ती कमरेला बांधून कितीतरी कुत्रे बागेत आनंदाने फिरतात.

जर्मनीत १९९० साली दिवाणी कायद्यात 'प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत' असे स्पष्ट नमूद करण्यात आले. २००२ साली प्राण्यांच्या रक्षणाला तेथील राज्यघटनेतही स्थान मिळाले. आपल्याकडे मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि आज राज्यात तालुक्या-तालुक्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पण कायदा आणि दवाखाना यांच्याआधी घरातले डोळे लागतात. तुमच्या दारातला मोत्या डॅशहुंड नसेल. साधा गावठी असेल. तोही एखाद्या सकाळी शेपूट हलवील, पण उठणार नाही. त्या दिवशी त्याला हाका मारून पळायला लावू नका. त्याच्याजवळ बसा, नीट पाहा आणि वहीत पहिली ओळ लिहा.